गेंड्याच्या पाठीवरचं शिंग



सुट्टी लागली की दुपारी तीनच्या सुमारास आमच्या दाराची बेल वाजायला लागते. माझ्या वामकुक्षीची जराही पर्वा न करता सावेडीतली आमच्या कॉलनीची मुलं दारात उभी राहतात आणि म्हणतात, "सर, कंटाळा आला. काहीतरी काढायला द्या ना!" चित्रकलेचा मास्तर म्हणून माझी नोकरी केव्हाच संपली, पण विद्यार्थी काही संपत नाहीत. बरंच आहे म्हणा!

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अशीच आठ मुलं जमली. मी म्हटलं, "वाघ काढा."

दहा मिनिटांत आठ वाघ तयार! तुम्हीही काढला असता, हो की नाही? पण गंमत पाहा. आठही वाघांची तोंडं डावीकडे, आठही जबडे उघडे, आठही वाघांचा पुढचा एक पाय उचललेला. जणू एकाच आईची आठ पिल्लं. ती आई म्हणजे किराणा दुकानातून मिळालेलं कॅलेंडर!

मग मी म्हटलं, "छान. आता शेळी काढा."

आणि सगळं सामसूम. आमच्या कॉलनीच्या मागे एक आजी राहतात. त्यांच्या पाच-सहा शेळ्या रोज सकाळी आमच्या फाटकावरून भिस्तबागेकडच्या मोकळ्या रानात चरायला जातात. जाता जाता माझ्या जास्वंदीचा समाचारही घेतात. म्हणजे या मुलांनी शेळी जन्मल्यापासून पाहिलेली. तरी प्रश्न सुरू झाले.

"सर, शेळीचे कान वर असतात की खाली?"

"शिंगं पुढं वळतात का मागं?"

"सर, शेळीला शेपूट असतं?"

आता सांगा, ज्या प्राण्याला कधी जवळून पाहिलं नाही तो झटकन काढता आला आणि जो रोज दाराशी येतो तो मात्र अडला. असं का झालं? कारण वाघ आपण पाहिलेला नव्हता, पाठ केलेला होता. आणि शेळी पाहिलेली होती, पण नुसतीच नजरेखालून गेलेली. पाहणं आणि दिसणं यांत केवढा फरक आहे!

त्या मुलांत दोन भावंडं होती. ताई आठवीत. तिला एलिमेंटरी ड्रॉइंग परीक्षेत 'ए' श्रेणी मिळालेली. तिचा हात खरंच सुंदर आहे. धाकटा पाचवीत. त्याचं चित्र पाहून सगळे आधी हसतात आणि मग विचारतात, "हे काय आहे?" दोघांची नावं मी सांगणार नाही, कारण दोघंही हे पान वाचतात. पण त्यांना नीट लक्षात ठेवा. पुढे काम आहे.

तर त्या दिवशी ठरलं. रोज अर्धा तास शेळ्या काढायच्या, आणि आठवडाभरानं पुण्याला कात्रजच्या प्राणीसंग्रहालयात जाऊन प्रत्यक्ष प्राणी पाहून चित्रं काढायची.

ठरल्या दिवशी तारकपूरच्या स्थानकावरून सकाळची एसटी पकडली. आठ मुलं, दोन आया, एक बाबा आणि मी. नगर ते पुणे, म्हणजे सुमारे १२० किलोमीटर. सुप्यापर्यंत गाण्यांच्या भेंड्या झाल्या, शिरूरपर्यंत डबे रिकामे झाले. मग मुलं म्हणाली, "सर, गोष्ट!"

मी त्यांना एका गेंड्याची गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगतो. गोष्ट अगदी खरी आहे.

साधारण ५०० वर्षांपूर्वी गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशहा यानं गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नरला, म्हणजे आल्बुकर्कला, एक जिवंत गेंडा भेट दिला. आता गेंडा घेऊन करायचं काय? आल्बुकर्कनं तो आपल्या राजाकडे पाठवून दिला. १५१५ सालच्या जानेवारीत जहाज निघालं आणि २० मे १५१५ रोजी गेंडेमहाराज पोर्तुगालच्या लिस्बन बंदरात उतरले. त्याआधी हजारभर वर्षांत युरोपात कुणी जिवंत गेंडा पाहिला नव्हता. एकच गर्दी उसळली! कुणीतरी त्याचं कच्चं रेखाटन केलं, वर्णनाचं पत्र लिहिलं आणि ते फिरत फिरत जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात आल्ब्रेख्ट ड्यूरर नावाच्या थोर चित्रकाराच्या हाती पडलं.

ड्यूररनं गेंडा डोळ्यांनी कधीच पाहिला नाही. पण त्या कागदांवरून त्यानं चित्र काढलं आणि लाकडी ठशावर कोरून त्याच्या प्रती छापल्या. चित्र असं झोकदार की विचारू नका. मात्र गेंड्याच्या कातडीच्या घड्या त्याला कशा कळणार? त्यानं सैनिकाच्या चिलखतासारखे जाड पत्रे काढले. पायांवर खवले काढले. आणि मानेच्या मागे, पाठीवर, एक छोटंसं जादा शिंग बसवून दिलं!

"मग लोकांनी त्याची चूक काढली असेल," ताई म्हणाली.

छे! तिथं गेंडा पाहिलेला होता कोण? पुढची जवळजवळ अडीचशे वर्षं युरोपातल्या पुस्तकांतून तेच चित्र पुन:पुन्हा उतरवलं गेलं, पाठीवरच्या शिंगासकट. म्हणजे आपल्या कॅलेंडरच्या वाघासारखंच झालं. एकानं काढलं, बाकीच्यांनी गिरवलं.

आणि हो, ड्यूरर कच्चा चित्रकार होता असं समजू नका. त्यानंच १५०२ साली एक ससा रंगवला होता. तो इतका हुबेहूब आहे, की अंगावरचे केस कुठं कुठल्या दिशेला वळले आहेत ते कळतं आणि सशाच्या डोळ्यात खोलीच्या खिडकीचं प्रतिबिंबसुद्धा दिसतं. हात तोच. ससा समोर होता, गेंडा समोर नव्हता. एवढाच काय तो फरक.

"सर, त्या गेंड्याचं पुढं काय झालं?" धाकट्यानं विचारलं. मला वाटलं होतं हा प्रश्न कुणी विचारणार नाही. राजानं तो गेंडा पोपला भेट म्हणून पुढे इटलीकडे धाडला. वाटेत जहाज वादळात बुडालं. गेंड्याला साखळीनं जखडून ठेवलं होतं. तोही गेला. रांजणगाव येईपर्यंत मग कुणी फारसं बोललं नाही.

पुण्यात शिरल्यावर शहर बसनं स्वारगेटकडे आलो. पर्वती दिसायला लागली तसा मी मुलांना म्हटलं, "आता याच गोष्टीचा दुसरा भाग. हा मात्र आपल्या घरचा."

सवाई माधवराव पेशव्यांना प्राण्यांचा फार शौक. पर्वतीच्या पायथ्याशी त्यांनी आपला शिकारखाना ठेवला होता. शिकारखाना म्हणजे पाळलेल्या रानटी जनावरांची जागा. त्या वेळी पुण्याच्या दरबारात इंग्रजांचा वकील होता चार्ल्स मॅलेट. त्याच्यासाठी चित्रं काढणारा एक मराठी चित्रकार होता, त्याचं नाव गंगाराम चिंतामण तांबट. वेरूळच्या लेण्यांची चित्रंही त्यानं प्रत्यक्ष जाऊन काढली. तर या गंगारामनं १७९० सालच्या नोव्हेंबर महिन्यात पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा पाहून त्याचं चित्र काढलं. तेव्हा पेशवे होते अवघे सोळा वर्षांचे, म्हणजे दहावी-अकरावीतल्या मुलाएवढे!

ते चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहे. ड्यूररचं नाव साऱ्या जगाला माहीत, गंगारामचं नाव पुण्यातसुद्धा फारच थोड्यांना ठाऊक. पण गंगारामच्या गेंड्याच्या पाठीवर शिंग नाही, मुलांनो. कारण गेंडा त्याच्या समोर उभा होता.

पुढे १९५३ साली पुणे महापालिकेनं पर्वतीजवळच, सारसबागेला लागून, पेशवे पार्क सुरू केलं. तुमच्या आईबाबांना तिथली फुलराणी आणि तिथले प्राणी नक्की आठवत असतील. विचारून पाहा. जागा अपुरी पडायला लागली, तेव्हा कात्रजला तळ्याकाठी सुमारे १३० एकरांवर राजीव गांधी प्राणीसंग्रहालय उभं राहिलं. १९९९ साली ते सुरू झालं आणि पेशवे पार्कातले प्राणी तिकडे गेले. म्हणजे आपण निघालो होतो ते गंगारामच्याच वाटेनं. फक्त वाट थोडी दक्षिणेला सरकली, एवढंच. (जाणार असाल तर बुधवार सोडून जा. त्या दिवशी तिथं सुट्टी असते.)

आता आमच्या दप्तरात काय होतं ते सांगतो. परीक्षेचं पॅड आणि चिमटा. ४बी किंवा ६बी पेन्सिली दोन. पाठकोरे कागद, भरपूर. चांगला कागद मुद्दामच नेला नाही. चांगल्या कागदावर हात बिचकतो, पाठकोऱ्यावर तो बिनधास्त चालतो. आणि खोडरबर? तो सगळ्यांनी माझ्या घरी टेबलावर ठेवला होता. का? तुम्ही रेघ खोडत बसलात की तेवढ्यात प्राणी निघून जातो. चुकली रेघ तर चुकू द्या. तिच्या शेजारी दुसरी मारा.

पहिला अर्धा तास मात्र आमची पुरती फजिती झाली. ताईनं हरणांच्या कुंपणापाशी बसून एका चितळाचं डोकं सुरेख काढायला घेतलं. डोळा झाला, कान झाला, आणि चितळानं पाठ फिरवली. तिनं दुसरं धरलं. तेही गेलं. तिसऱ्या वेळी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "सर, हे नीट उभेच राहत नाहीत!"

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणून मी हसणार होतो, पण हसलो नाही. खरी अडचण होती ती. परीक्षेतलं स्थिरचित्र स्थिर असतं. तांब्या आणि वांगी काही उठून जात नाहीत. जिवंत प्राण्यासाठी रीतच वेगळी लागते. ती आम्ही तिथं खाली बसून ठरवली. तुम्हीही लिहून घ्या.

पहिली गोष्ट. पेन्सिल खाली ठेवा आणि मनात तीसपर्यंत मोजा. तोवर नुसतं पाहा.

दुसरी गोष्ट. डोळ्यापासून सुरुवात करू नका. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत जाणारी एकच वळणदार रेघ काढा. कणा म्हणजे त्या प्राण्याचा स्वभाव. हत्तीची पाठ कमानीसारखी वर उचललेली, अस्वलाची खांद्यापाशी उंच, मगरीची जमिनीला चिकटलेली. ही एक रेघ बरोबर आली की निम्मं चित्र झालं.

तिसरी गोष्ट. त्या रेघेवर दोन मोठे गोळे. एक छातीचा, एक पुठ्ठ्याचा. कुठला मोठा ते पाहून.

चौथी गोष्ट पायांची. इथं सगळे फसतात. घोडा, कुत्रा, हरीण यांच्या मागच्या पायाचा 'गुडघा' उलटा वाकतो असं आपल्याला वाटतं. पण तो गुडघा नसतोच, ती असते टाच! ही मंडळी आयुष्यभर चवड्यांवर चालतात. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो आणि तो तुमच्या-आमच्यासारखा पुढेच वाकतो. हत्तीचा मागचा पाय पाहा. त्याचा गुडघा खाली असल्यामुळे स्पष्ट दिसतो. आणि प्राणी उभा असेल तर स्वत:ला विचारा, अंगाचा भार कुठल्या पायांवर आहे? चारही पायांवर सारखा भार क्वचितच असतो.

पाचवी आणि शेवटची. प्राणी हलला तर चिडू नका. त्याच कागदावर शेजारी दुसरं चित्र सुरू करा. मग तिसरं. कुंपणातला प्राणी पुन:पुन्हा त्याच जागी येतो, तसाच उभा राहतो. तो आला की पहिल्या चित्रावर परत जा. एका कागदावर पाच-सहा अर्धवट प्राणी झाले तरी चालतील. एक पुरा खोटा प्राणी काढण्यापेक्षा ते बरं.

मुंबईतली मुलं भाग्यवान. तिथं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं आणि भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली. तेव्हापासून चित्रकलेचे कितीतरी विद्यार्थी पॅड घेऊन त्या बागेत बसत आले आहेत. नवशिक्यांसाठी तिथं एक खास सोयही आहे. बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. त्याच्या आवारात घारापुरीहून आणलेला प्रचंड दगडी हत्ती उभा आहे. आधी हा न हलणारा हत्ती सगळ्या बाजूंनी काढायचा आणि मग हलणाऱ्या प्राण्यांकडे वळायचं!

कात्रजला आम्हाला असाच एक न हलणारा भेटला. मगर! ती तोंड उघडं टाकून तासभर तशीच पडली होती. लोक म्हणत होते, "खोटी आहे, प्लॅस्टिकची आहे." आमची मुलं तिथं वीस मिनिटं बसली. मगरीला घाम येत नाही, उघड्या तोंडातून ती अंगातली उष्णता बाहेर टाकते, हे मी सांगितलं. पण मधूनच तिच्या गळ्याखालची कातडी हळूच हलते, हे मला मुलांनी दाखवलं.

मग वाघ. काचेपुढे आणि कठड्यापाशी हीऽ गर्दी! "ए वाघोबा, ऊठ की!" असं ओरडून, शिट्ट्या मारून, एकेक फोटो काढून लोक पुढे जात होते. एकेक कुटुंब फार तर दोन मिनिटं थांबत होतं. वाघ सावलीत आमच्याकडे पाठ करून पडला होता. म्हणजे कॅलेंडरातली एकही गोष्ट दिसत नव्हती. जबडा नाही, उचललेला पाय नाही. मुलं हिरमुसली. मी म्हटलं, "पाठ दिसतेय ना? मग पाठ काढा."

थोड्या वेळानं ताईचा आवाज आला, "सर, याला समजावा ना! यानं वाघाच्या कानावर डोळे काढलेत!"

सगळे हसले. धाकट्याच्या कागदावर नेहमीसारखं एक गाठोडं होतं, त्याला दोन कान होते आणि प्रत्येक कानाच्या मागच्या बाजूला मधोमध एक पांढरा ठिपका. मी म्हटलं, "थांबा. हसण्याआधी वर पाहा."

सगळ्यांनी वर पाहिलं. वाघानं कान हलवले. काळ्या कानांवर मागच्या बाजूला दोन पांढरेशुभ्र ठिपके! वाघाच्या कानामागे असे ठिपके असतात, मुलांनो. आठ कॅलेंडरी वाघांपैकी एकालाही ते नव्हते, कारण कॅलेंडरातला वाघ कधी पाठ फिरवत नाही. पुढे वाघ उठून वळला तेव्हा आणखी एक गोष्ट सापडली. मांजराच्या डोळ्यातली बाहुली उन्हात उभ्या चिरेसारखी होते, पण वाघाची बाहुली गोल असते. ताईनं आपल्या जुन्या वाघाला मांजराचे डोळे काढले होते. तिनं तो कागद दप्तरातून काढला, पाहिला, आणि काही न बोलता परत ठेवला.

काळविटांपाशी तर मुलांनी ठाणच मांडलं. पीळदार शिंगांचा गडद रंगाचा नर आणि बिनशिंगांच्या बदामी माद्या. त्यांना पाहायला खरं तर पुण्याला जायचीही गरज नाही. आपल्या जिल्ह्यात कर्जत तालुक्यात रेहेकुरीला खास काळविटांसाठी अभयारण्य आहे. १९८० सालापासूनचं, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. तिथं गेलात तर आवाज न करता, लांबूनच, दुर्बीण असेल तर ती घेऊन बसा.

परत येताना एसटीत मोजदाद केली. आठ मुलांचे मिळून १४३ कागद! त्यांत भिंतीवर लावावं असं चित्र एकही नव्हतं. पण दोन चित्रं सारखी अशीही नव्हती.

आता मुख्य गोष्ट. ती कात्रजला नाही, आमच्या सावेडीतच घडली.

पुण्याहून आल्यावरही शेळ्यांचा अर्धा तास चालूच राहिला. तिसऱ्या दिवशी धाकट्यानं एक चित्र दाखवलं. आजींची तांबडी शेळी. पाठीची रेघ चांगली आली होती, पण मागचा डावा पाय इतर पायांपेक्षा आखूड होता. जमिनीला टेकतच नव्हता. मी म्हटलं, "अरे, हा पाय बघ, लोंबकळतोय. असा नसतो." आणि माझ्या पेन्सिलीनं तो पाय लांब करून जमिनीवर टेकवून दिला. मास्तरांची खोड, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाय आखूड. मी पुन्हा दुरुस्त केला. जरा रागावूनच म्हणालो, "काल सांगितलं होतं ना?"

तो खाली मान घालून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "पण सर, तो तसाच आहे."

ही चार अक्षरं मला फार लागली. वाघाच्या कानांच्या वेळी सगळ्यांना "वर पाहा" म्हणणारा मी, दोन दिवस स्वत: वर पाहायला गेलो नव्हतो. शेळीला चार पाय सारखे असतात हे मला माहीत होतं आणि त्या माहितीवरून मी त्याचं पाहिलेलं खोडत होतो. गेंड्याच्या पाठीवर शिंग बसवणं म्हणतात ते आणखी काय असतं?

आम्ही दोघं तसेच आजींच्या गोठ्यात गेलो. तांबडी शेळी कोपऱ्यात उभी होती. मागचा डावा पाय खुराच्या टोकावर, अगदी अलगद. अंगाचा सगळा भार उजव्या बाजूला. चालली की लंगडणं फारसं जाणवत नव्हतं, कारण कळपात ती गर्दीतून चालायची. उभी राहिली की मात्र दिसत होतं. पाहिलं तर!

आजी म्हणाल्या, "दोन दिवस झालं चारा कमी खातीय. म्हटलं, हवा बदललीय म्हणून आसंल."

आजींनी शेळीला मांडीशी धरलं, खूर उचलला, बेचक्यात बोट फिरवलं. बाभळीचा काटा! चांगला बोटाच्या पेराएवढा, आत मोडलेला. भोवती सूज. आजींनी तो चिमट्यानं ओढून काढला. मग शेळीला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जखम धुऊन औषध लावलं, इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "बरं झालं लवकर आणली. आत पू धरायला लागला होता. कुणाच्या लक्षात आलं?"

आजींनी धाकट्याकडे बोट दाखवलं. "या पोरानं. चित्र काढतंय न्हवं ते!"

घरी आल्यावर मी ते दोन्ही कागद काढले. माझ्या दुरुस्तीच्या रेघा ठळक होत्या, अगदी सफाईदार, आणि चूक. त्याच्या रेघा वेड्यावाकड्या होत्या, आणि बरोबर. खोडरबरानं माझ्या रेघा पुसल्या. त्या दिवशी खोडरबराचा हा एवढाच उपयोग झाला. कागदाच्या कोपऱ्यात मी तारीख घातली आणि लिहिलं, "पाय बरोबर. मास्तर चुकले." आणि कागद त्याला परत दिला. ताईनं तो त्यांच्या अभ्यासाच्या टेबलावर चिकटवला आहे, असं ऐकतो.

पालकांना इथं एक विनंती. मूल प्राण्याचं चित्र घेऊन आलं आणि ते तुम्हाला विचित्र वाटलं, तर "हे असं नसतं" असं लगेच म्हणू नका. "तू हे कुठं पाहिलंस? मला दाखव," असं म्हणा. आणि त्याच्याबरोबर जाऊन पाहा. कधी मूल चुकलेलं असेल. कधी आपण. आणि प्राणीसंग्रहालयात गेलात तर सगळे पिंजरे एका दिवसात 'उरकण्याचा' हट्ट सोडा. तीन प्राणी पाहा, पण प्रत्येकापाशी अर्धा तास बसा.

आता या आठवड्याचा उद्योग.

घराजवळचा एक प्राणी निवडा. शेळी, म्हैस, कुत्रा, मांजर, कोंबडी, गच्चीवरचं कबूतर, कुणीही. सात दिवस, रोज ठरावीक वेळी, दहा मिनिटं त्याची चित्रं काढा. कॅलेंडर, मोबाइल, पुस्तक काही पाहायचं नाही. प्रत्येक कागदावर तारीख घाला आणि खाली एकच ओळ लिहा: 'आज नवीन काय दिसलं?' गाय उठताना आधी पुढचे पाय उचलते का मागचे? शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते का उभी? कावळा चालतो का उड्या मारतो? उत्तरं मी देणार नाही. ती तुमच्या दाराशी चरताहेत.

काही नियमही पाळा. प्राण्याला खडा मारायचा नाही, हाका मारून उठवायचं नाही, खायला देऊन जवळ बोलवायचं नाही. अनोळखी कुत्र्याच्या जवळ जायचं नाही. आपण पाहुणे आहोत, घर त्यांचं आहे.

तांबडी शेळी आता ठणठणीत आहे. काल सकाळी तिनं माझ्या जास्वंदीची सगळी कोवळी पानं खाल्ली. चारही पाय अगदी भक्कम रोवून. मी आधी ओरडलो, आणि मग पेन्सिल आणायला आत गेलो. येईपर्यंत स्वारी पसार!

चला तर, पाठकोरे कागद शोधा. आणि खोडरबर टेबलावरच राहू द्या.

तुमचा,
चित्रकलेचा मास्तर